आईचा हॉटस्पॉट

आम्ही तिघं व्हिएतनामला गेलो तेव्हा नेट फक्त आईच्या फोनवर होतं. हे कुणी ठरवलं नव्हतं, ते झालं.

निघायच्या आदल्या दिवशी मी आमच्या बोरिवलीच्या घरात लॅपटॉप उघडून बसले होते. ऑफिसातल्या मैत्रिणीने सांगितलं होतं, तिकडे उतरल्यावर सिमकार्डासाठी रांग लावू नकोस, ई-सिम घे. कार्ड वगैरे काही नसतं. ऑनलाइन विकत घेतलं की ते एक चौकोनी कोड पाठवतात, तो फोनने स्कॅन केला की तिकडचं नेट फोनमध्ये येऊन बसतं. मी कोड स्क्रीनवर उघडला आणि तेवढ्यात इस्त्रीवाल्याने बेल वाजवली. कपडे घेऊन परत आले तर आई टेबलापाशी फोन धरून उभी.

"कुणाचे द्यायचेत गं?" तिने विचारलं.

"काय कुणाचे?"

"पैसे. भाजीवाल्याचा कोड ना हा? स्कॅन केला, पण रक्कमच विचारत नाही. नुसतं चालेल का, चालेल का."

"मग तू काय केलंस?"

"चालेल म्हटलं. एवढं विचारतोय तर."

असा कोड एकदाच चालतो, आणि तो चालून गेला होता. मी दुसरं ई-सिम घ्यायला निघाले, पण बाबांनी अडवलं. आमच्या घरात शेवटचा शब्द बाबांचाच असतो. सोफ्याचं कापडसुद्धा त्यांनी ठरवलंय. ते म्हणाले, "कशाला? आईच्या फोनवरनं आपण दोघं हॉटस्पॉट घेऊ. आपण काय वेगवेगळे फिरणार आहोत का?"

तिकडे पोहोचल्यावर कळलं की हॉटस्पॉट घेणं म्हणजे आईच्या मागे मागे चालणं. ती चार दुकानं पुढे गेली की आमचा नकाशा जागीच थिजायचा. बाबा आयुष्यभर तिच्या पुढे चालत आलेले, आता फोन छातीशी धरून तिच्या पाठीमागे. ती चप्पल बघायला थांबली की हेही थांबायचे, ती वळली की हेही वळायचे. "जरा सांगून वळत जा ना," असं ते तिला म्हणाले तेव्हा मला शहाळं पिता पिता ठसका लागला.

आईला दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी आपल्या हातात काय आहे ते उमगलं. हॉटेलचं वायफाय बागेत पोचत नव्हतं, म्हणून बाबा तिथे तिच्या फोनवरच्या नेटने आपल्याकडच्या बातम्या लावून बसले होते, मोठ्या आवाजात. आईने फोनवर बोट फिरवलं. निवेदिका अर्ध्या वाक्यात थांबली.

"नेट गेलं," बाबा म्हणाले.

"गेलं नाही, मी घेतलं," आई म्हणाली. "बातम्या घरी बघा. इथे समुद्र बघा."

बाबांनी समुद्र बघितला.

त्याच सकाळी आम्ही मासळीबाजारात गेलो. आई मूळची मालवणची. लग्नानंतर बोरिवलीच्या बाजारात मनोरीच्या कोळणींशी हुज्जत घालत तिची हयात गेली. तिथले मासे बघून ती हरखली आणि तिने मालवणला मावशीला व्हिडिओ कॉल लावला. मावशी तिची मोठी बहीण. तिला माशातलं सगळं कळतं आणि ते ती सगळ्यांना ऐकवते.

"गो, तेचे कल्ले उघडून दाखव," मावशी फोनमधून ओरडली. आईने हाताने खूण केली. कोळीणबाईने कल्ले उघडून कॅमेऱ्यासमोर धरले.

"काल्लचो आसा. तिका सांग, माका येडा समजा नको."

आईने ते मालवणीतच सांगितलं. बाईने तिच्या भाषेत बरंच काही ऐकवलं, खालच्या टोपलीतून दुसरा मासा काढला आणि तो थेट मावशीच्या तोंडासमोर नाचवला. आजूबाजूच्या बायका जमल्या. पाहता पाहता भाव सुरू झाला. बाई बोटं दाखवायची, मावशी मालवणातून बोटं मोडायची.

आणि मावशी तोंड उघडं ठेवून थिजली. नेट संपलं होतं. तासभराच्या व्हिडिओने सगळा डेटा खाल्ला होता. पलीकडे खेकड्यांपाशी उभ्या बाबांचा हात वर गेला. आमचं ठरलं होतं, ज्याचं नेट जाईल त्याने हात वर करायचा आणि हलायचं नाही. मी घाबरले. हॉटेलचा पत्ता नकाशातच होता, आणि त्याचं नाव आम्हा तिघांपैकी एकालाही नीट उच्चारता येत नव्हतं.

कोळीणबाईला वाटलं मावशी रुसली. तिने स्क्रीनवर टिचकी मारली, आईकडे बघितलं, मग सगळा प्रकार तिच्या लक्षात आला. तिने एप्रनमधून स्वतःचा फोन काढला, त्यावर हॉटस्पॉट लावला आणि आईच्या हातातला फोन ओढून घेऊन खवल्यांच्या बोटांनी पासवर्ड टाकला. आईने पुन्हा कॉल लावला.

"खंय गेललंस गो?" मावशी म्हणाली. "कापून घे. डोक्या सोडू नको."

मी आईच्या कानाशी म्हटलं, "आई, आधी हॉटेलचा रस्ता बघून घेऊ दे."

"थांब गं, भाव चाललाय."

मासा कापून झाल्यावर मला फोन मिळाला. मी नकाशाचा फोटो काढून घेतला, बाबांना खेकड्यांपासून सोडवलं आणि आम्ही चालत हॉटेलवर आलो. तिथल्या आचाऱ्याने तो मासा लिंबू आणि मिरची घालून भाजून दिला. आईला त्यात कोकम हवं होतं, तरी डोक्यासकट तिने सगळा संपवला. मी हॉटेलच्या वायफायवर आईचा डेटा भरला, बाबांच्या आणि माझ्या फोनसाठी नवी ई-सिम घेतली, दार लावून, आणि तिघं पहिल्यांदाच मोकळेपणाने तीन दिशांना गेलो. संध्याकाळी बाबा जरा लवकरच परत आले. एकट्याने फिरायला मजा नाही येत, म्हणाले.

मावशीने त्या गडबडीत बाईचा नंबर मागून घेतला होता. आता आठवड्यातून एकदा तरी त्या दोघी बोलतात. ती टोपली दाखवते, मावशी नावं ठेवते. एकीचं दुसरीला अक्षरही कळत नाही. परवा मी मावशीला विचारलं, एवढा वेळ बोलता तरी काय?

"तिच्या सुनेचा काय खरा नाय," मावशी म्हणाली.