अनंत म्हणजे पाच

९ ऑक्टोबर २०१७ रोजी गणितबाईंनी विद्यापीठाच्या खिडकीवर प्रबंध सादर करण्याची फी भरली: चौदा हजार दोनशे पन्नास रुपये. पावती पर्समध्ये ठेवून त्या थेट कारखान्यात, दुसऱ्या पाळीला गेल्या. प्रबंध देण्याची शेवटची तारीख एकतीस ऑक्टोबर होती. लिखाण पूर्ण झालं होतं, फक्त बाइंडिंग राहिलं होतं.

गणितबाई हे नाव कारखान्यानेच पाडलेलं. तिथे प्लास्टिकची तापलेली शीट यंत्राच्या फटीतून बाहेर येते, रोलर तिला ताणत पुढे नेतात आणि ताणली जात असतानाच ती गार करावी लागते. त्यात जरा गडबड झाली की शीटला सुरकुत्या पडतात. बाई तिथे बावीस वर्षं तपासनीस. एम.एस्सी. होऊन शीटची जाडी मोजत बसलेली बाई बघून लोकांनी आधी कीव केली, मग चेष्टा, आणि शेवटी ते आपल्या पगाराचे हिशेब तिच्याकडून तपासून घ्यायला लागले.

पीएच.डी.चा विषय बाईंनी याच यंत्रासमोर उभं राहून ठरवला. गार करणाऱ्या पाण्यात धातूच्या ऑक्साइडची डोळ्यांनाही न दिसणारी पूड मिसळली, तर ताणली जाणारी शीट किती लवकर निवेल? प्रयोग नाही, नुसती समीकरणं. शीटपासून दूर जावं तसा पाण्यातला ताप उतरत जातो आणि अनंत अंतरावर तो शून्य होतो, असं धरायचं असतं. संगणकाला अनंत कळत नाही, त्याला आकडा द्यावा लागतो. बाईंनी पाच दिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणाच्या टेबलावर त्या आलेख क्रमाने लावत होत्या. जन्मभर शिवणकाम केलेले सासरे शेजारी चहा पीत होते. त्यांनी एक कागद उचलला.

"सूनबाई, ही रेघ संपलीय का कापलीय?"

"म्हणजे काय, बाबा?"

"ही वरची बघ, हळूहळू निजत गेलीय. आणि ही खालची? चालता चालता धाडकन थांबलीय. कात्री लागलेली कड मला कळते हो."

"बाबा, हा प्रबंध आहे, पायजमा नाही."

"पायजमा असता तर गिऱ्हाइकाने परत आणला असता."

बाई हसल्या आणि हसता हसताच तो कागद त्यांनी हातात घेतला. साध्या पाण्यात शीटलगतचा तापलेला थर पातळ, तिथे पाच पुरत होते. पण पूड वाढवली, उष्णता किरणांनीही जाते हे धरलं, की थर जाड होत होता. ताप अजून उतरत असतानाच बाईंनी पाचावर त्याला जबरदस्तीने शून्य करून टाकलं होतं. म्हणून रेघेला कोपरा आला होता. शीट अठरा टक्के लवकर निवते, हा प्रबंधाचा मुख्य निष्कर्ष याच कोपऱ्यावर उभा होता.

मार्गदर्शक सरांना त्यांनी त्याच दुपारी गाठलं.

"अहो, पाच सगळेच घेतात," सर म्हणाले. "परीक्षक इतकं बारीक बघत नाहीत."

"माझे सासरे बघतात, सर."

"एकतीस तारीख हुकली तर मुदतवाढ घ्यावी लागेल. तिची फी वेगळी. आणि तुमचे अठरा टक्के खाली आले तर?"

"तर खाली येतील."

सरांनी कपाळावर हात मारून मुदतवाढीच्या अर्जावर सही केली.

अनंताच्या जागी चौदा घातले की बाईंचा प्रोग्रॅम कोलमडायचा. सुरुवातीचा अंदाज केसभर चुकला तरी आकडे आभाळाला भिडायचे. मग त्यांनी घाई सोडली. पाचाचं उत्तर साडेपाचाला अंदाज म्हणून द्यायचं, साडेपाचाचं सहाला. रोज सकाळी सहा ते अकरा. नवऱ्याने स्वयंपाक अंगावर घेतला आणि आठवडाभर सगळ्यांना अळणी जेवू घातलं. कारखान्यात कोणी विचारलं, "काय गणितबाई, कुठवर आलात?" तर बाई म्हणायच्या, "साडेआठ." विचारणारा घड्याळाकडे बघायचा.

छत्तीस आलेख पुन्हा काढायला पावणेपाच महिने लागले. रेघा आता शेवटी निजत होत्या. अठराचे अकरा टक्के झाले. बाईंनी अकरा लिहिले, आणि आधीचा आकडा का चुकला यावर तीन पानं जोडली. ती काढा, असं सर दोनदा म्हणाले. ती राहिली.

तोंडी परीक्षेत बाहेरगावच्या परीक्षकांनी नेमकं त्यातलंच एक पान उघडलं.

"अनंत चौदाच का?"

"बारालाही तेच उत्तर येतं, सोळालाही तेच. म्हणून चौदा."

त्यांनी प्रबंध मिटला. पदवी मिळाली. कारखान्यात बाई अजून शीटची जाडीच मोजतात, आणि नावही तेच आहे.

मुदतवाढीची फी साडेसहा हजार होती. ती सासऱ्यांनी भरली. त्यातले पंधराशे बाईंनी त्यांना अजून द्यायचे आहेत.