अठरा चिंध्या, एकोणीस पुस्तिका

ही हकिकत सांगायचे मी बरीच वर्षे टाळले. निवृत्त पोलीस अधिकारी म्हणून शाळेत किंवा सोसायटीच्या कार्यक्रमात बोलावले की मी घरफोड्यांच्या, हरवलेली मुले सापडल्याच्या गोष्टी सांगतो. लोक टाळ्या वाजवतात, मी शाल घेऊन घरी येतो. ही एक गोष्ट तेवढी खिशातच राहते. पण वसई रोडला बसची वाट पाहत उभा असलो आणि भाजीची रिकामी पाटी घेतलेली एखादी बाई शेजारी येऊन उभी राहिली, की तो सगळा दिवस तपशिलासह समोर येतो. आता वय झाले. नोंद दुरुस्त करायची तर मीच करायला हवी.

त्या वेळी मी सहायक पोलीस निरीक्षक होतो. अल्प उत्पन्न गटातल्या कुटुंबांसाठी शासनाने बसकुपनांची योजना सुरू केली होती. पिवळे रेशनकार्ड असलेल्या घराला दर तीन महिन्यांनी एक पुस्तिका मिळे. एक कुपन फाडून वाहकाला दिले की तिकीट लागत नसे. पुस्तिका घेण्यासाठी घरातल्या एका माणसाने रेशनकार्डाची झेरॉक्स घेऊन वाटप केंद्रावर स्वतः जायचे आणि रजिस्टरमध्ये नावासमोर सही किंवा अंगठा द्यायचा, असा नियम होता. केंद्र फक्त कामाच्या दिवशी आणि कामाच्या वेळात उघडे असे. रोजंदारीवर जगणाऱ्या बायांनी त्या वेळी तिथे यायचे कसे, हा विचार नियम करणाऱ्याने केला नव्हता. खरे तर मीही केला नाही.

खबर फोनवरून आली. केंद्राबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज भरून देणारा एक इसम होता, तोच बोलत होता. "साहेब, एक म्हातारी दर वेळी ढीगभर झेरॉक्स घेऊन येते आणि ढीगभर पुस्तिका घेऊन जाते. बाहेर विकते. मोठी टोळी आहे." खबर देणाऱ्याचा स्वतःचा काय फायदा, हा प्रश्न आम्ही नव्या शिपायांना पहिल्याच आठवड्यात शिकवतो. त्या दिवशी मी तो स्वतःला विचारला नाही. ज्या बाया त्याच्या टेबलावर जायच्या थांबल्या होत्या, त्यांची कामे ही म्हातारी करत होती, हे मला पुढे कळले.

सकाळी अकराच्या सुमारास दोन पंच आणि महिला हवालदार घेऊन आम्ही केंद्राच्या दारात सापळा लावला. ती बाहेर आली. साठीच्या पुढची, काटक, गुडघ्याखालपर्यंतचे लुगडे, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत कुपनांच्या एकोणीस पुस्तिका निघाल्या. त्यांतल्या अठरा पुस्तिकांना वेगवेगळ्या रंगांच्या कापडी चिंध्या बांधलेल्या होत्या. पोपटी, जांभळी, बारीक जरीची, चौकड्याची. एकीला काहीच नव्हते. रजिस्टर ताब्यात घेतले तर एकोणीस नावांसमोर एकच अंगठा. पंचनाम्यात मी लिहिले, "पुस्तिकांवर ग्राहकनिहाय सांकेतिक खुणा आढळून आल्या." हे वाक्य लिहिताना मला स्वतःचे कौतुक वाटले होते.

ठाण्यात आणून तिला बाकावर बसवले. ती माझ्यापेक्षा वयाने बरीच मोठी होती, तरी मी तिला अगंतुगंच केले. आमच्याकडे तशी पद्धतच होती.

"ही पुस्तकं कोणाची?"

"ज्याची त्याची."

"कोणाला विकणार होतीस?"

"विकाया ती काय भाजी हाय?"

"रजिस्टरवर सगळीकडे तुझाच अंगठा कसा?"

"तिथला साहेब म्हनला, हितं हितं अंगठा लाव. मी लावला. मला काय म्हाईत, कोनाचा अंगठा लागतो ते."

"या बायांची नावं सांग. गाव सांग."

"उमेळ्याची हाय मी. नावं नाय सांगनार."

"का?"

"तुमी त्येंना पन हितं आनून बसवाल. मंग उद्याच्याला बाजारात कोन बसंल?"

मी टेबलावर हात आपटला. ती दचकली. चिंधी नसलेली पुस्तिका मी तिच्यासमोर धरली. "आणि ही? हिला खूण का नाही?"

"ती माझी," ती म्हणाली. "माझीला कशाला बांधू? उरंल ती माझी."

तेव्हाच थांबायला हवे होते. टोळी चालवणारी बाई असे बोलत नाही. आमच्या महिला हवालदारांना ते कळले होते. चहा द्यायला आल्या तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "साहेब, टोळीवाली आहे म्हणता, पण बिस्कीट चहात बुडवून आधी मला विचारते, तू खाल्लं का गं." मी त्यांना बाहेर जायला सांगितले.

सूर्यास्तानंतर स्त्रीला ठाण्यात ठेवता येत नाही. अटक न करता नोटीस देऊन मी तिला सोडले. निघताना ती दारात अडली. "कुपनं घेतलीत, तर तसा कागद द्या मला. बायांना दाखवाया."

जप्तीची पोच देणे माझे काम होते. फॉर्मची वही टेबलावरच पडली होती. पण मी दिवसभर दमलो होतो आणि तिच्यावर चिडलो होतो. "कोर्टात मिळेल कागद," मी म्हणालो. ती हात हलवत गेली. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक वर्तमानपत्रात मथळा आला, कुपनांच्या टोळीचा पर्दाफाश. शेजारी माझा फोटो होता. वरिष्ठांनी पाठ थोपटली.

पुढचा तपास म्हणजे 'ग्राहक' शोधणे. तिसऱ्या दिवशी चिंध्यांचे फोटो खिशात घालून मी साध्या वेशात विरार पूर्वेला मनवेलपाड्याच्या बाजारात गेलो. उमेळ्याच्या भाजीवाल्या बाया दोन बस बदलून तिथे बसतात, एवढे कळले होते. रस्त्याच्या कडेला अळू, केळफूल, वालाच्या शेंगा मांडून एक चाळिशीची बाई बसली होती. तिच्या साडीचा काठ पोपटी होता, त्यावर बारीक आंब्यांची नक्षी. मी फोटो काढून पाहिला. तीच नक्षी. पदराच्या टोकाला बोटभर काठ फाडून घेतलेला होता.

"साडीकडं काय बगता?" ती म्हणाली. "बायकोला घेयाची का? भाजी घ्या, साडी मिलनार नाय."

शेजारच्या दोघी हसल्या. मी ओळख सांगितली आणि हसणे थांबले. काठ कुणी फाडला, असे मी विचारले.

"मीच फाडला. आमच्या मावशीला दिला. तिला वाचता येत नाय. कोनचं पुस्तक कोनाचं ते कलाया नको का? आमी पन आंगठेवाल्या. मंग जिची जी साडी, तिची ती चिंधी. घरी आनली की नुसतं लुगडं बगून वाटते ती."

तिने सगळे सांगितले. गल्लीतल्या एकोणीस घरांत तशी जुनी पद्धतच होती. रेशनच्या दुकानात, पाण्याच्या टँकरवर, सरकारी दवाखान्यात एकीने सगळ्यांसाठी रांग धरायची आणि बाकीच्यांनी कामावर जायचे. पूर्वी पाळी असायची. मावशीचे गुडघे गेले, पाटी उचलवेना, तेव्हापासून रांगा तिने आपल्याकडे घेतल्या. बदल्यात कुणी भाजी देई, कुणी भाताचे चार घास. तिला एवढे एकच काम उरले होते, आणि त्या कामाला लागणारी एकच गोष्ट तिच्याकडे होती. बाया तिच्या हातात डोळे झाकून कागद देत.

मला उलगडा झाला. पोलिसाच्या आयुष्यात असे क्षण थोडे येतात, आणि एरवी फार आनंदाचे असतात.

मी निघालो तशी ती बाई उठून उभी राहिली. "साहेब, एक इचारते. मावशी घरी आली, पन कुपनं नाय आली. ती म्हनते पोलिसांनी घेतली. गल्लीतले म्हनतात, पोलिसांनी घेतली तर कागद कुठं हाय? आनि अशी कशी सोडली तिला? पेपरात तर इकली म्हनून आलंय. तुमी सांगा, कुपनं कुठं हायत?"

उत्तर चार शब्दांचे होते. आमच्या मुद्देमाल कक्षात आहेत. तिथेच, त्या पाट्यांमध्ये उभे राहून म्हटले असते तर संध्याकाळपर्यंत उमेळ्यात पोहोचले असते. पण ते म्हणायचे तर सगळेच म्हणावे लागले असते, की टोळी नव्हती, पेपर खोटा होता, साहेब चुकला होता. मी म्हणालो, "तपास चालू आहे. माहिती देता येणार नाही."

तिने माझ्याकडे पाहिले आणि खाली बसून भाजीवर पाणी मारू लागली. तिच्या मनात मावशीबद्दल जी शंका होती, तिच्यावर मी सरकारी शिक्का मारला होता.

पुरवणी जबाबासाठी मावशीला पुन्हा बोलावले. या वेळी मी तिला खुर्ची दिली. तिच्या चेहऱ्यावरचे काहीतरी चार दिवसांत उतरले होते. जबाब झाल्यावर ती म्हणाली, "साहेब, केस करा, नायतर सोडून द्या. पन एक डाव गल्लीत या. सगल्या बायांच्या म्होरं सांगा, कुपनं तुमच्याकडं हायत. मी कदी कोनाच्या वस्तूला हात लावला नाय. आता माज्या हातात कोन झेरॉक्सचा कागद पन देत नाय."

"येतो," मी म्हणालो. "रविवारी येतो."

"किती वाजता?"

"सकाळी."

"मंग मी समद्यांना थांबवून ठेवते."

त्या रविवारी मी घरी होतो. कपडे घालून तयारही झालो. मग वाटले, पुढच्या आठवड्यात जाऊ, जरा विषय थंड होऊ दे. पुढच्या आठवड्यात बंदोबस्त निघाला. नंतर कारण शोधायची गरजही उरली नाही. त्या सकाळी तिने किती बायांना थांबवून ठेवले, त्या किती वेळ थांबल्या, आणि उठून जाताना तिला काय म्हणाल्या, हे मी कधी विचारले नाही. पण ते चित्र मला जितके स्पष्ट दिसते, तितके प्रत्यक्ष पाहिलेले गुन्ह्याचे एकही ठिकाण दिसत नाही.

गैरसमजातून गुन्हा दाखल झाला, असा 'क' समरी अहवाल मी कोर्टात पाठवला. तो गुपचूप मंजूर झाला. त्याची बातमी कोणत्याच पेपरात आली नाही. पुस्तिका सोडण्याचा आदेश आला तेव्हा कुपनांची मुदत संपली होती. रद्दी म्हणून नाश करताना चिंध्या जमिनीवर पडल्या. मी त्या गोळा करून कपाटात ठेवल्या. का, ते तेव्हा सांगता आले नसते.

निवृत्तीनंतर मी बसने हिंडू लागलो. गेल्या वर्षी एका दुपारी वसई रोडहून बस सुटली आणि मागून आवाज आला, "बसा बाबा, जागा हाय." मावशीच होती. खिडकीशी सरकून तिने मला जागा दिली. मी मिशी काढली होती, डोक्यावर टोपी होती. तिने ओळखले नाही. हातात एकाच माणसापुरती पिशवी होती.

पूर्वी त्या बायांचा घोळका बसमध्ये शिरला की ओल्या पालेभाजीचा वास आणि हसण्याचा गलका सगळ्या गाडीत भरत असे. मी तेव्हा ड्युटीवर असायचो, कपाळाला आठ्या घालायचो. आता तो गलका ऐकावा म्हणून मी मुद्दाम त्या वेळेची बस धरतो. बाया अजून येतात. पण एकेकट्या चढतात, आणि ज्याची त्याची रांग जो तो धरतो.

"कुठं उतरनार?" तिने विचारले.

"पुढे," मी म्हणालो.

वाक्य मनात तयार होते. वर्षानुवर्षे घोटलेले. एक स्टॉप गेला, दुसरा गेला. खिडकीबाहेर केळीच्या बागांच्या जागी उभे राहिलेले टॉवर सरकत होते. उमेळे आले. ती सीटचा दांडा धरून उठली, "येते हां," म्हणाली आणि उतरली. मी बसूनच राहिलो.

दोन महिन्यांनी चिंध्यांची पुडी घेऊन मी गल्लीत गेलो. नळावर मनवेलपाड्याची ती भाजीवाली भेटली. तिने मला लगेच ओळखले. "मावशी गेली," ती म्हणाली. "पंधरा दिस झाले."

मी पुडी उघडली. पोपटी चिंधी तिने उचलली, उलटीपालटी करून पाहिली.

"कुपनं पोलीस ठाण्यातच होती," मी म्हणालो. "सगळी. शेवटपर्यंत."

"आता सांगता?" एवढेच ती म्हणाली. चिंधी मुठीत धरून हंडा उचलून ती घरात गेली. दार लावले नाही, पण मला आत बोलावलेही नाही.

गुन्हा उलगडणे म्हणजे तपास संपणे, असे मी नोकरीभर समजत होतो. ज्याच्यावर आपण संशय घेतला, त्याच्या दारात जाऊन, चारचौघांसमोर, तो संशय आपल्याच तोंडाने परत घेईपर्यंत तपास संपत नाही. हे कुठल्याही नियमपुस्तिकेत नाही. मला ते एका अंगठेबहाद्दर बाईने सांगितले होते, वेळही ठरवून दिली होती. रविवार, सकाळ.

सतरा चिंध्या अजून माझ्याकडे आहेत. आणि बसमध्ये तीन स्टॉप ओठांवर धरून ठेवलेले ते वाक्यही.

मावशी, मी तो पोलीस. तुम्ही खरं बोलत होतात. कुपनं माझ्याकडे होती. मी रविवारी आलो नाही, मला माफ करा.