बाराव्या खुर्चीतले पाय

पाय धुऊन घ्यायला जायचं होतं, म्हणून मी आधी पार्लरात जाऊन पाय धुऊन आले. हसा, हसा — पण पुढचं आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांनाही नाही. ते न ऐकताच गेले, सुटले. परवा नात म्हणाली, ‘आजी, चल गारखेड्याच्या पार्लरात, पाय मऊ करून आणते,’ आणि मी पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

प्रभूनं शेवटच्या रात्री शिष्यांचे पाय धुतले, म्हणून शुभ शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी आमच्या चर्चचे पाळकसाहेब मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुतात. त्या वर्षी महिला मंडळाची सेक्रेटरी मी. काय तो तोरा! जणू स्वर्गाची किल्ली हिच्याच पर्समध्ये. रविवारच्या शाळेत पोरांना शिकवायची — देव चेहरा बघत नाही, मन बघतो. आणि घरी? तासभर आरशापुढं.

बारा जणांत पाळकसाहेबांनी रूथबाईंना घेतलं. मला नाही. रूथबाई दौलताबादचे पेरू आणून शहागंजात विकायच्या. टाचांना ह्या भेगा. माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा त्यांचं हगणं-मुतणं ह्याच बाईनं काढलं. आणि मी? नाकाला पदर लावून दारात. अगरबत्ती तेवढी लावायची.

त्या टाचा सगळ्या मंडळीपुढं? फोटोत? मंडळीची अब्रू म्हणून मी तळमळत होते — असं स्वतःलाच सांगायची, थापाडी मेली. मला ती खुर्ची हवी होती. बास.

शहागंजात गेले. पेरू घेतले — तेही घासाघीस करून — आणि म्हणाले, “रूथबाई, पाळकसाहेब म्हणतात, पायांचं असं आहे तर यंदा तुम्ही राहू द्या.” पाळकसाहेब असलं काही म्हणाले नव्हते. त्यांना जाऊन सांगितलं, रूथबाई लाजतात, नको म्हणतात.

बाराव्या खुर्चीत मी बसले. नखं गुलाबी. पाळकसाहेब गुडघे टेकून बसले, पाणी ओतलं — घंगाळातलं पाणी माझ्या पायांनंतरही नितळच. त्याचाही अभिमान वाटला त्या टवळीला!

पुढं दरवर्षी पाळकसाहेबांनी बोलावलं, तरी रूथबाई हात जोडून नाहीच म्हणाल्या. त्या गेल्या, त्यांना माती देताना सगळ्यांत मोठ्यांदा रडले ती मीच. खरं? तोंडातून निघालंच नाही.

पाय धुतले त्या संध्याकाळी मात्र, उपासना सुटल्यावर, त्यांनी मला चर्चच्या अंगणात गाठलं होतं. वाटलं, कळलं हिला. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या,

“बरं झालं माय, तू आधीच सांगितलंस. रोज दगडानं घासत व्हते गं टाचा — रगत आलं, पर भेगा काय जाईनात. तू नसतीस तर तसलेच पाय घेऊन बसले असते की मी, पाळकसाहेबाफुडं.”