मावशीकडे दोन दिवस

निंगरुमचा फोन आला तेव्हा मिस्नातून डोंगरउतारावर बटाटे काढत होती.

"मावशी, मी आणि बायू येतोय. लग्नाआधी ब्रोमोचा ज्वालामुखी बघायचाय त्याला. दोनच दिवस आहेत, कुठं कुठं जायचं ते तूच ठरव."

निंगरुम तिच्याच पोटची. शेतात दरड कोसळून नवरा गेला तेव्हा पोर अंगावर पीत होती. धाकटी बहीण तुमिरा खालच्या मलांग शहरातून धावत आली. तिची कूस उजवली नव्हती. "ताई, मला दे. पण मग ती माझी. तिला कधी कळता कामा नये." मिस्नातूनने शब्द दिला आणि पाळला. अधूनमधून मलांगला जायची, लेकीच्या तोंडून मावशी ऐकायची आणि परतीची बस धरायची. लेकीला मात्र तुमिराने डोंगरावर कधी पाठवलं नव्हतं.

शेजारच्या सुकार्दीची जीप तिने सांगून ठेवली. पहिल्या दिवशी कड्यावरून सूर्योदय, मग वाळूचं मैदान, मग पायऱ्या चढून ज्वालामुखीच्या तोंडाशी. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गवताळ टेकड्या.

"गवत बघायला अख्खा दिवस?" सुकार्दी म्हणाला.

"बसतील जरा निवांत."

"माय मरो अन् मावशी उरो म्हणतात, ते तुझ्याकडे बघून पटतं बघ."

मिस्नातून चुलीतली लाकडं पुढे सारत राहिली.

निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा फोन आला. "मावशी, एकच दिवस जमेल. आईला बरं नाहीये, संध्याकाळी परतायला हवं." टेकड्या गेल्या. मिस्नातून म्हणाली, "असू दे. जेवून तरी जा."

दोघं आली. निंगरुमला थंडी सोसवेना, मिस्नातूनने स्वतःची शाल तिच्या खांद्यांवर टाकली. वर विवराच्या कठड्याशी गंधकाच्या धुराने डोळे चुरचुरत होते. निंगरुमने फुलांचा गुच्छ आत टाकला आणि हात जोडले.

"काय मागितलंस?"

"आईला बरं वाटू दे."

"चांगलं केलंस," मिस्नातून म्हणाली.

पाहुण्यांना पुढच्या खोलीत बसवतात, घरच्यांना चुलीपाशी. मिस्नातूनने दोघांनाही थेट चुलीपाशी नेलं. मक्याचा भात आणि कोबीची भाजी खाऊन बायू सुकार्दीशी गप्पा मारायला बाहेर गेला. निंगरुम आगीवर हात शेकत बसली.

"मला ठाऊक आहे, मावशी."

"काय गं?"

"आईनं सांगितलं. ऑपरेशनला नेत होते तेव्हा. फार घाबरली होती."

मिस्नातूनच्या हातातली फुंकणी तशीच राहिली.

"मला विचारलं, आता तिला आई म्हणशील? मी नाही म्हटलं." निंगरुमने हात आगीपासून मागे घेतले. "तुला एकदा बघायचं होतं. हे सगळं माहीत झाल्यावर. पण मला आई एकच आहे. रागावू नकोस."

"रागवायचं काय त्यात."

"का दिलंस, ते नाही विचारणार."

"विचार की."

"नको. तू सांगितलंस तर मला इथून जाता येणार नाही. आणि तिकडे ती वाट बघतेय."

बाहेर जीप सुरू झाली. निंगरुमने शाल काढून घडी घातली आणि तिच्या मांडीवर ठेवली. "राहू दे, ने," मिस्नातून म्हणाली. "आई विचारेल कुणाची," निंगरुम म्हणाली.

जीप वळणाआड गेल्यावर मिस्नातून चुलीपाशी येऊन बसली आणि शालीचं टोक तोंडात कोंबून रडली. सुकार्दीची बायको दिवेलागणीला डोकावली तेव्हा चूल विझलेली होती. "धूर गेला डोळ्यांत," मिस्नातूनने तिला सांगितलं.

लग्नाला ती मलांगला गेली. तुमिरा खुर्चीत बसली होती, पार वाळून गेलेली. निंगरुमने तिच्या गुडघ्यांवर डोकं टेकलं आणि दोघी हुंदके देत राहिल्या. मिस्नातूनला मावश्यांच्या रांगेत बसवलं होतं. तिची पाळी आली तेव्हा निंगरुमने तिचा हात उचलून कपाळाला लावला, आणि शेजारच्या मावशीकडे वळली.