पहिली मरळ

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी हिलाल भोई गिरणेच्या डोहात जाळं टाकायचा. हंगामातला पहिला मासा मारायचा नाही, डोक्याला कुंकू लावून सोडायचा, हा घरचा रिवाज. कुंकू लावायची त्याची बायको, सुंदरबाई. हिलाल दरवर्षी खेकसायचा, "पानीमा कुकू टिकस का, येडी?" ती नुसती हसायची.

१९८८च्या थंडीत ती गेली. त्यानंतरच्या आखाजीला हिलालने पहिली मरळ तशीच सोडली. "आते कोन लावी तुले?" म्हणाला.

पुन्हा जाळं फेकलं. तीच मरळ वर आली. तुटक्या शेपटीवरून त्याने ओळखली. डोक्यावर ठसठशीत कुंकू होतं. त्याने उजव्या अंगठ्याने पुसलं, मग अंगठा नदीत खसाखसा धुतला.

पुढची नऊ वर्षं, मरेपर्यंत, हिलाल डाव्या हातानेच जेवला.