फिजिओताईंची लाथ

माझा उजवा घोटा मुरगळला तो कबड्डीच्या साध्या सरावात. सामन्यात मुरगळला असता तर निदान चार टाळ्या तरी मिळाल्या असत्या. चढाई करून मागे वळताना आमच्याच कोपरारक्षक पोरीच्या पायावर माझा पाय पडला आणि घोटा आतल्या बाजूला वाकला. मॅटवर पडल्या पडल्या मी आधी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, रडले नंतर.

दसऱ्यानंतर जिल्हा संघाची निवड चाचणी होती. आदल्या वर्षी मी राखीव होते, म्हणजे पाण्याच्या बाटल्या सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. यंदा कुणाच्याही तहानेची जबाबदारी घ्यायची माझी तयारी नव्हती. मला सात जणींत उभं राहायचं होतं.

पण मी चाचणीला जायचं की नाही, हे ठरवणार आई. बाबा ट्रेलरवर असतात. न्हावा शेवा बंदराच्या रांगेत अडकले की घरी कधी उगवतील ते त्यांनाही सांगता येत नाही. त्यामुळे घरात आईचंच राज्य. तिने घोट्यावर आंबेहळदीचा गरमागरम लेप थापला आणि निकाल दिला, "सूज उतरंपर्यंत हलायचं नाय. आनि चाचनी बिचनी इसर आता."

तिला खरी हळहळ वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची. आमच्या गावात एक पायाळू म्हातारी होती. पायाळू म्हणजे जन्मताना जिचे पाय आधी बाहेर आले ती. अशा माणसाने हळूच लाथ मारली की उसण, लचक, चमक सगळं पळतं, यावर गावाचा देवाइतकाच विश्वास. जमिनी विकल्यावर म्हातारी मुलाबरोबर रोडपालीला उंच इमारतीत राहायला गेली आणि गावच्या पाठी पोरक्या झाल्या.

आमच्या सरांनी मला नवीन पनवेलला एका फिजिओथेरपिस्ट ताईंकडे पाठवलं. ताई मूळच्या पुण्याच्या, माझ्याहून थोड्याच मोठ्या, अंगाने काडी, आवाज मात्र पंचाचा. त्यांनी लेपाकडे पाहिलं आणि विचारलं, "हा कुठला मसाला?" मग तो पुसून काढला, पट्टी बांधली, बसताना पाय उंच ठेवायला सांगितलं. सूज असताना शेक नको म्हणाल्या, पण नुसतं पडून राहिलेलंही चालणार नाही. घोटा आळशी होतो, पायाचा तोल विसरतो आणि मग पुन्हा तिथेच मुरगळतो. पहिला व्यायाम दिला तो पायाच्या अंगठ्याने हवेत अक्षरं काढायचा.

घरी येऊन मी अंगठ्याने 'अ' काढायला घेतला, तर आई कडाडली. "सुजल्या पायानं हवेत लिवायचं? ती बाय शिकलेली हाय का नाय?" आणि तिने माझे खेळाचे बूट तांदळाच्या पिंपात लपवले. माझं डोकं फिरलं. रागाच्या भरात माझ्या तोंडून जे निघालं, ते मी ठरवून बोललेच नव्हते.

"अगं, ती ताई पायाळू हाय!"

आईचा हात थांबला. "खरं?"

"आईशप्पथ," मी म्हटलं. आई समोरच बसली होती.

त्या दिवसापासून ताईंचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य झाला. आई चुलीपुढे भाकरी थापता थापता माझ्याकडून हवेत बाराखडी गिरवून घेई आणि 'ज्ञ' नीट आला नाही की पुन्हा काढायला लावी. ताईंनी दिलेला रबरी पट्टा खाटेच्या पायाला बांधून मी पाऊल बाहेर ओढायचे. आई त्या खाटेवर बसून राहायची, खाट सरकू नये म्हणून. पुढे एका पायावर उभं राहायचा व्यायाम आला. "पाय टेकवलास तर जेवान नाय," अशी धमकी मिळायची. सराव चुकवायची मला सोयच राहिली नाही. आधी सूज गेली, मग लंगडणं. ताई माझ्याकडून उड्या मारून घ्यायला लागल्या, आडवं पळवायला लागल्या. खेळताना घोट्याला चिकटपट्टी कशी बांधायची तेही शिकवलं.

चाचणीच्या आधी शेवटची तपासणी होती. त्या दिवशी तोल डळमळला तर ताई मला खेळायची परवानगी देणार नव्हत्या, आणि ताई नाही म्हणाल्या तर आई मला उंबरठ्याबाहेर पडू देणार नव्हती. आई म्हणाली, "मी पन येते." मी हो म्हटलं. बाहेर येऊन बघते तर सहा आसनी रिक्षा गावच्या बायकांनी खच्चून भरलेली. कुणाची कंबर, कुणाची मान, कुणाचा गुडघा. मांडीवर वालाच्या शेंगा, नारळ, सुकट. ताई पायाळू असल्याची बातमी आईने गावभर केली होती.

दवाखान्यात सगळ्यात थोरल्या काकूंनी ताईंपुढे नारळ ठेवला, भिंतीचा कठडा धरून वाकल्या आणि म्हणाल्या, "मार बाय."

"काय मारू?" ताईंनी विचारलं.

"लाथ! तू पायाळू हायस ना?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे पाहिलं.

"मी पायाळू नाही हो," ताई म्हणाल्या. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

काकू ताठ झाल्या. कंबर दुखत असूनही बऱ्याच झटक्यात झाल्या. रिक्षाभर नजरा माझ्यावर वळल्या. "खोटारडी पोर," कुणीतरी म्हणालं. "अशीला आई कशाला बाहेर पाठवंल खेलायला?" मला वाटलं, संपलं. बूट आता पिंपात नाही, विहिरीत जातील. मला भीती वाटत होती आणि लाजही.

तेवढ्यात आई उठली. पदर खोचत म्हणाली, "पोरगी लाजली म्हनून ताईचं नाव घेतलं तिनं. पायाळू हीच हाय. माज्या म्हायेरला झालेली, तुमाला कुटं म्हायती? गावभर लाथा मारत फिरंल म्हनून मीच बोलली नाय कुनाला."

माझंच तोंड उघडं राहिलं. काकूंनी क्षणभर विचार केला आणि पुन्हा कठडा धरून वाकल्या.

ताई मोठ्या चलाख. त्यांनी एक मऊ गादी आणून जमिनीवर टाकली. "उजव्या पायावर हिच्यावर उभी राहा आणि लाथ डाव्याने मार. हळू. प्रत्येकीला." मी उभी राहिले. पायाखाली गादी हलत होती, समोर एकामागून एक पाठी येत होत्या आणि मी नवरात्रातल्या देवीसारखा गंभीर चेहरा करून डावं पाऊल टेकवत होते. हसू दाबायला सगळ्यात जास्त ताकद लागली. ताई खाली बसून फक्त माझ्या उजव्या घोट्याकडे बघत होत्या. शेवटची पाठ झाल्यावर त्यांनी बायकांना कमरेचे व्यायाम दाखवले आणि बजावलं, "हे रोज केले नाहीत तर लाथेचा गुण येत नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग ताई माझ्याकडे वळल्या. "घोटा एकदाही डगमगला नाही. जा, खेळ."

परत येताना बायका पुढे बसून कोणाची चमक किती गेली ते सांगत होत्या. मी मागे आईला चिकटून बसले आणि तिच्या कानात विचारलं, "खरंच मी पायाळू हाय?"

"कसली पायाळू! डोक्याकडनं आलीस, चांगली सरल," आई पुढे बघतच म्हणाली. "चार बायांत माजी पोर खोटी पडली असती, ते मना बघवलं नसतं." मग तिने माझा उजवा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला, घोट्यावर हात ठेवला आणि कळंबोलीच्या खड्ड्यांतून रिक्षा गावाला लागेपर्यंत तो हात काढला नाही.