बाबांनी पळवलेला सिनेमा

परवा मुलगा मोबाइलवर दुप्पट वेगानं सिनेमा पाहत होता आणि माझं डोकंच सणकलं. लहानपणी भिलाईच्या कारखान्याच्या क्वार्टरमधला तो रविवार आठवला. भाड्यानं आणलेला व्हीसीआर, खिडकीवर चादर आणि रानात एकाकी राहणाऱ्या कुटुंबाचा इंग्रजी भुताचा सिनेमा. त्यातली बाई नुसती दाराकडे पाहत बसायची.

"काहीच होऊन नाही राहिलं यात," म्हणत बाबांनी फॉरवर्डचं बटण दाबलं. पडद्यावर आडव्या रेघा आल्या.

"अहो, थांबा न! ते बाई कावून अशी बसली, पाहू द्या न मले," आई म्हणाली.

"भूत आलं की थांबवतो."

भूत आलं, तर त्या बाईनं त्याला बसायला खुर्ची दिली! आम्ही खो खो हसलो. आई मात्र उठून चहा ठेवायला गेली.

काल तो सिनेमा शोधून अख्खा पाहिला. पळवलेल्या भागात ती बाई दिवसभर कोणीतरी यावं म्हणून वाट पाहते, बस्स. बाबा ड्युटीवर, मी शाळेत, तेव्हा आईही क्वार्टरच्या दाराशी अशीच बसायची. आता ती नाही. एवढंच तर पाहायचं होतं तिला, तेही धड पाहू दिलं नाही.